उत्तरेची भिंत, फितूर मधुमालती आणि सासूबाईंचं अळू

परवा शेजारच्या सोसायटीतल्या काकूंचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. दुसऱ्या मजल्यावरची त्यांची बाल्कनी, ग्रिलवर मधुमालतीचे झुबके लटकलेत, पांढरे, गुलाबी, लाल सगळे एकाच घोसात, आणि खाली मेसेज, "तुमची मधुमालती आमच्याकडे काय सुंदर फुललीये गं!" आता यावर माणसाने काय बोलावं. खड्डा मी खणला, शेणखत मी घातलं, दोन उन्हाळे बादल्या मी वाहिल्या, आणि आमच्या बाजूला काय दिसतंय तर अंगठ्याएवढे जाड नागडे दांडे आणि खाली पडलेली चार पिवळी पानं. मी हात जोडल्याची इमोजी पाठवली आणि गप्प बसले.

वेलाचा दोष नाही खरं तर. मधुमालतीला ऊन लागतं आणि आमच्या त्या भिंतीला ऊन नाही, मग ती जिथे ऊन आहे तिथे गेली, तुम्ही-आम्ही पण हेच केलं असतं. जाई, जुई, कृष्णकमळ, बोगनवेल सगळ्यांचं हेच, सावलीत लावा, जगतील, पानं देतील, लांबच लांब काटक्या काढतील आणि फुलतील ते थेट शेजाऱ्यांकडे किंवा गच्चीच्या टाकीवर. हे मला कळायला तीन वर्षं आणि बरेच पैसे गेले, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढू.

आमचं घर म्हणजे पुण्यातला जुना छोटा बंगला. उत्तरेच्या बाजूला घर आणि कंपाउंड यांच्यामध्ये दहा फुटांचा बोळ आहे, लांबी असेल ३०-३२ फूट. कंपाउंड काळ्या दगडाचं, छातीएवढं उंच, आणि घराची भिंत साधी प्लास्टरची. पलीकडे आधी कौलारू घर होतं, तेव्हा बोळात ऊन नसलं तरी उजेड भरपूर असायचा, वर नुसतं मोकळं आभाळ. मग तिकडे रिडेव्हलपमेंट आली आणि सात मजले उभे राहिले. तेव्हापासून बोळ म्हणजे विहीर झालाय, वर बघितलं की आभाळाची एक पट्टी.

आणि इथेच पहिली गोष्ट शिकले. आपण "सावली" म्हणून मोकळे होतो पण सावली एक नसते. वर मोकळं आभाळ असलेली उत्तरेची सावली म्हणजे झाडांच्या दृष्टीने बऱ्यापैकी श्रीमंती, तिथे पुस्तक वाचता येतं, फर्न हसतात, बिगोनियाला फुलं येतात. आणि दोन बिल्डिंगांच्या मधली सावली म्हणजे वेगळंच प्रकरण, तिथे दुपारी बारा वाजता पण सुईत दोरा ओवायला दिवा लावावा लागतो. आमच्याकडे ३२ फुटांत दोन्ही प्रकार आहेत. रस्त्याकडचे दहा-बारा फूट उजळ, मधला भाग अंधारा, आणि मागच्या टोकाला नव्या बिल्डिंगच्या पांढऱ्या भिंतीवरून परतून आलेला उजेड, तो बराच असतो बरं का, तिथली सिंगोनियमची वेल मधल्यापेक्षा दुप्पट वाढतं. म्हणजे त्या बिल्डिंगने घेतलं पण थोडं परतही दिलं असं म्हणायचं.

सुरुवातीला मी केलं काय, तर इंटरनेटवर बघत बसले. सावलीच्या भिंतीसाठीचे सगळे व्हिडिओ इंग्लंडचे. माझी चुलतबहीण लीड्सला असते, तिच्या घराला पण उत्तरेची विटांची भिंत आहे आणि त्यावर चढणारा हायड्रेंजिया आहे, आयव्ही आहे, थंडीत पानं गाळणारी व्हर्जिनिया क्रीपर आहे, शरद ऋतूत ती लालभडक होते. फोटो बघून जीव जायचा माझा. तिकडच्या भिंतीचा प्रॉब्लेम म्हणजे गारठा आणि कायमची ओल, वर्षभर तेच ते. मी पण इथल्या एका नर्सरीतून हौसेने आयव्हीच्या तीन कुंड्या आणल्या, डिसेंबरात आणल्या, जानेवारी-फेब्रुवारीत इतक्या छान वाढल्या की मी बहिणीला फोटो पाठवून वर "बघ, जमतंय" असं लिहिलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पानांवर बारीक पिवळे ठिपके, मागे जाळं, लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड. कोरडी गरम हवा आली की आयव्हीवर कोळी येणारच. मेमध्ये तिन्ही कुंड्यांत नुसत्या वाळक्या तारा होत्या. नवरा म्हणाला, याला दिवाळीत सोनेरी रंग मारू.

तेव्हा डोक्यात आलं की आपली भिंत थंड आहे हे खरं, पण ती बारा महिने थंड नाही.

मग मी एक उद्योग केला, आणि हा उद्योग मी सगळ्यांना करायला सांगते कारण फुकट आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चहाचा कप घेऊन बोळात जायचं आणि ऊन भिंतीवर जिथपर्यंत येतं तिथे खडूने रेघ मारायची, बाजूला महिना आणि वेळ. सासूबाईंना वाटलं सुनेने पत्रिका वगैरे बघायला सुरुवात केली. ऑक्टोबर ते फेब्रुवारी एकही रेघ नाही, ऊन भिंतीला शिवतच नाही. मार्च संपता संपता सकाळी एक तिरकी पट्टी आली आणि संध्याकाळी दुसरी. एप्रिलमध्ये पट्टी रुंद झाली. आणि मेमध्ये मी बघतच राहिले, संध्याकाळी चार ते सहा बोळाच्या पश्चिमेच्या तोंडातून ऊन आत घुसतं आणि अख्ख्या भिंतीला चाटत जातं, ते पण मेचं पुण्याचं ऊन, पारा चाळिशीला टेकलेला.

हे काही आमच्या घराचं वैशिष्ट्य नाही, भूगोल आहे. पुणं साडेअठरा अक्षांशावर. सूर्य मेच्या मध्याला आपल्या बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतो ना आपण, मग तो उत्तरेला सरकतो आणि जुलैच्या अखेरीला परत डोक्यावरून दक्षिणेला जातो. म्हणजे ते अडीच महिने दुपारी बारा वाजताही सूर्य उत्तरेला असतो, थोडासाच, पण असतो. इंग्लंडमध्ये हे कधीच होत नाही. आपलं नशीब एवढंच की जूनमध्ये ढग येतात त्यामुळे त्यातला दीड-पावणेदोन महिन्यांचा मार चुकतो. पण मार्चअखेर ते जूनचा पहिला आठवडा, हे दोन-सव्वादोन महिने भिंत अजिबात सावलीतली राहत नाही. माझे बॉस्टन फर्न पहिल्या वर्षी त्याच ४ ते ६ मध्ये करपले, कडेने तपकिरी कुरकुरीत, पापडासारखे, आणि मी वेडी पाणी वाढवत बसले. आता बोळाच्या पश्चिमेच्या तोंडाला एप्रिल-मेपुरती हिरवी शेडनेट अडकवते, चार हुक आणि एक दोरी, पहिला दमदार पाऊस झाला की काढून घडी करून माळ्यावर.

दुसरं उलटं आश्चर्य पावसाचं. मला वाटायचं पावसाळ्यात तरी या भिंतीला पाण्याची काळजी नको. एका जुलैत, आठ दिवस पाऊस लागून राहिलेला, मी भिंतीलगतच्या मातीत बोट घातलं तर खाली कोरडी ठणठणीत. कारण साधं आहे, आपल्याकडे पाऊस येतो नैऋत्य-पश्चिमेकडून वाऱ्याबरोबर, भिंत उत्तरेला तोंड करून उभी, वर दोन फुटांचा छज्जा, पाणी जातंच कसं तिथे? पडतं ते वळचणीला, म्हणजे छज्जा जिथे संपतो त्या रेषेत, तिथे मातीत खड्ड्यांची एक रांगच पडलेली असते बघा. तेव्हापासून मी काहीही लावते ते भिंतीला चिकटून नाही, वळचणीच्या रेषेत, आणि वेल असेल तर तिरकी काठी लावून भिंतीकडे वळवते.

भिंतीलगतची माती हा अजून एक घोळ. वरून लाल माती दिसते, सहा इंच खाली गेलं की विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, टाइल्स, मला तर एक अख्खी दाढी करायची डबी सापडली पत्र्याची. बांधकामवाल्यांनी राडारोडा तिथेच गाडलेला असतो. चुन्या-सिमेंटमुळे ती माती अल्कधर्मी (अल्कलाइन) होते आणि पानं पिवळी पडत राहतात, मग आपण खतं घालत राहतो. माळीकाकांनी दीड फूट खोल चर मारून सगळं बाहेर काढलं, आठ पाट्या निघाल्या, आणि त्यात माती, पालापाचोळ्याचं खत, थोडी नदीची वाळू, कोकोपीट असं भरलं. एकदाच करायचं काम आहे पण टाळलं तर पुढचं सगळं फुकट.

आता काय लावलं. हे सुचलं ते कुठल्या व्हिडिओतून नाही, मामाच्या विहिरीवरून. एका मेमध्ये गावाला गेले होते, मामाची विहीर दगडाने बांधलेली, जुनी, पाणी पार तळाला. वर सगळं रान जळलेलं आणि विहिरीच्या आतल्या भिंतीवर, उत्तरेकडे तोंड असलेल्या बाजूला, हिरवंगार. हंसराज नुसता लोंबत होता, काळ्या बारीक तारेसारखे देठ आणि त्यावर पंख्यासारखी पानं, पाण्याचा थेंब पडला की मोत्यासारखा घरंगळून जातो, पान ओलं होतच नाही. शेजारी दुसरा एक लांब पानांचा फर्न, टेरिस, हा जुन्या चुन्याच्या भिंतींवर कुठेही उगवतो, वाड्यांच्या मागच्या भिंतींवर बघा, पुलाखाली बघा. (या टेरिसबद्दल एक भारी गोष्ट, तो जमिनीतलं आर्सेनिक शोषून पानांत साठवतो असं २००१ मध्ये शास्त्रज्ञांना सापडलं. त्यामुळे त्याची भाजी करू नका, बाकी भीती नाही.) मी वर काठावर बसून बघत होते आणि मला कळलं की अरे, सावलीतली थंड भिंत म्हणजे आपल्याकडे ही. लीड्स नाही. विहीर, नाहीतर न्हाणीघराच्या मागची बाजू, नाहीतर पावसाळ्यातला सह्याद्रीतला ओला कातळ जिथे रानटी बिगोनिया फुलतो. तिथे जे आपलं आपण उगवतं ते माझ्या बोळात का नाही उगवणार.

तर काळ्या दगडाच्या कंपाउंडवर मी काहीच चढवलं नाही. दगडांच्या सांध्यांत बोटाने माती आणि शेणाचा काला दाबला आणि त्यात हंसराजाची मुळं खोचली, जूनच्या अखेरीला, दहापैकी चार लागली. पुढच्या वर्षी त्यांची त्यांनीच पोरं काढली. उन्हाळ्यात वाळून जातात, पाऊस आला की परत. सांध्यांत शेवाळ आलंय तेही ठेवलंय. फक्त पिंपळाचं रोप दिसलं की दोन पानांवर असताना उपटायचं, कावळे-साळुंक्यांच्या कृपेने ते दर पावसाळ्यात येतं, आणि "देवाचं झाड आहे, राहू दे" म्हणालात की तीन वर्षांत कंपाउंड शेजाऱ्यांच्या गाडीवर.

भिंतीच्या पायथ्याचा विषय मात्र सासूबाईंनी निकालात काढला. मी तिथे अ‍ॅग्लोनिमा, पीस लिली, कॅलेडियम असं शोभेचं काय काय मांडत होते, त्या दारात उभ्या राहून दहा मिनिटं बघत होत्या, मग म्हणाल्या, "अगं तिथे अळू लाव ना." मी म्हटलं आई, मला गार्डन करायचंय, परसदार नाही. त्या म्हणाल्या, "दोन्हीत फरक काय?"

आणि खरंच, विचार केला तर मोरीचं पाणी जिथे जायचं तिथे, घराच्या मागच्या गार ओल्या भिंतीशी, आपल्या आज्या-पणज्यांनी हेच तर केलं होतं, अळू, पलीकडे सोनटक्का, कडेला पानफुटी. आज तेच हॉटेलवाले "ट्रॉपिकल लूक" म्हणून लाखभर रुपये घेऊन लावून देतात. आता मधल्या अंधाऱ्या पट्ट्यात वॉशिंग मशीनचं नाही पण तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी जातं आणि तिथे अळूची पानं सुपाएवढी झालीत. काळपट देठाचं वडीचं आणि हिरव्या देठाचं फदफद्याचं, दोन्ही आहेत. पावसाचं पाणी पानावर नाचताना बघायला मला कुठल्याही कॅलेडियमपेक्षा जास्त आवडतं, आणि कॅलेडियमची वडी होत नाही.

सोनटक्का उजळ बाजूला. तो इतका माजला की आता वाटायला लागते कंद. ऑगस्ट-सप्टेंबरात संध्याकाळी पाच वाजता कळ्या उमलायला लागतात आणि बोळातून वास स्वयंपाकघरात येतो, गणपतीत तर रोज ओंजळभर. (क्यूबाचं राष्ट्रीय फूल आहे हे, मला फार उशिरा कळलं, आपल्या परसातलं पोर परदेशात एवढं मोठं झालंय.) एकच करायचं, फुलून गेलेला दांडा जमिनीलगत कापून टाकायचा, तो परत फुलत नाही, नुसती गर्दी करतो.

वेलांचं सांगते, कारण खरी गडबड तिथेच होते. वेल घ्यायच्या आधी तो चढतो कसा हे विचारा. नर्सरीत कोणी सांगत नाही, सगळे म्हणतात "चढेल ताई." गुळवेल, मधुमालती स्वतःला पिळे घालत चढतात, त्यांना तार नाहीतर दोरी पाहिजे. कृष्णकमळाला पकडायला बारीक स्प्रिंगा असतात, त्यालाही जाळी पाहिजे. बोगनवेल चढतच नाही, ती नुसती काट्यांनी रेलते. मनीप्लांट, सिंगोनियम, मिरी, नागवेल यांना पेरापेरावर मुळं फुटतात आणि ती खरखरीत, ओलसर पृष्ठभाग धरतात, ऑइलपेंटवर घसरतात. आणि एक तो बारीक पानांचा, भिंतीला पोपडा चिकटावा तसा चिकटणारा, क्रीपिंग फिग, म्हणजे फायकस प्युमिला.

याच्याबद्दल थोडं सावध करते. दिसायला त्याच्यासारखं काही नाही, नखाएवढी पानं, भिंत जणू हिरव्या कापडाने शिवून काढलीये, आणि सावली चालते त्याला. पहिलं वर्ष जागचा हलत नाही, तुम्ही नाद सोडता, मग पळतो. पण तो वड-पिंपळाच्याच घराण्यातला, चीक येतो, मुळांतून डिंकासारखं सोडून तो प्लास्टरला असा धरतो की ओढला तर रंगासकट पापुद्रा हातात येतो. आणि म्हातारा झाला की त्याची पानं बदलतात, मोठी जाड होतात, फांद्या भिंतीपासून फूटभर पुढे येतात, मग ते नाजूक कापड राहत नाही, झुडूप होतं. वर्षातून तीनदा कात्री लावायची तयारी असेल आणि भिंत कंपाउंडची असेल तर जरूर लावा. घराच्या भिंतीला, त्यातून आत बेडरूम असेल आणि आधीच ओल येत असेल, तर नको. आधी ओल कुठून येतीये ते बघा, आमच्याकडे ती बाथरूमच्या फुटक्या पाइपातून येत होती आणि दोष वेलांना मिळत होता.

घराच्या भिंतीवर आम्ही फॅब्रिकेशनवाल्याकडून जाळीच्या तीन चौकटी करून घेतल्या, भिंतीपासून चार इंच पुढे राहतील अशा, मागून हवा खेळते, रंगवायची वेळ आली तर बोल्ट काढून चौकट वेलासकट पुढे झुकवता येते. (एकदा झुकवली, चार माणसं लागली, पण जमलं.) दोन चौकटींवर मनीप्लांट आहे, हो साधा मनीप्लांट, नाकं मुरडू नका. बाटलीतला मनीप्लांट आणि वर चढलेला मनीप्लांट हे एकाच आईची लेकरं वाटत नाहीत, चौकटीमागे काथ्याची जाड पट्टी बांधून ती ओली ठेवली तर आठ फुटांवर पान टेनिसच्या रॅकेटएवढं होतं आणि कडेने फाटायला लागतं. तोच जर लोंबता ठेवला तर पानं लहान लहान होत जातात. त्याला वर जायचंय, जाऊ द्या. फक्त कुत्र्या-मांजरांनी पान चावलं तर तोंडाला खाज सुटते, अळूसारखंच, तेवढं बघा.

तिसऱ्या चौकटीवर मिरी लावायची होती. मिरीचा वेल लावताना आधाराच्या झाडाच्या उत्तरेच्या अंगाला खड्डा घ्यायचा असं बागायतदार सांगतात, दक्षिणेकडच्या उन्हाने कोवळा वेल होरपळू नये म्हणून, म्हणजे ही वेल म्हणजे उत्तरेच्या भिंतीसाठी जन्माला आलेली. मी मोठ्या उत्साहाने एका नर्सरीतून रोप आणलं, छान भरलेलं, खाली दोन मिरीचे घोस पण होते, अजून काय पाहिजे. वर्ष झालं, दीड वर्ष झालं, बाई चढेचनात. फुलतायत, घोस येतायत, पण उंची दोन फूट. शेवटी गुहागरकडचा एक ओळखीचा बागवाला घरी आला होता तो बघून हसायलाच लागला. मिरीच्या आडव्या फळफांदीचं छाट लावलं की त्याची बुश मिरी होते, कुंडीतली, ती चढतच नाही कधी. चढायला बुडाशी जमिनीवर पळणारे धुमारे असतात त्यांचं छाट लागतं. त्याने पुढच्या खेपेला दोन आणून दिले. तिसऱ्या वर्षी मूठभर मिरी मिळाली, वाळवून काळी केली, रस्समात घातली, आणि घरात कोणाला फरक कळला नाही. मला कळला.

नागवेल दोनदा मेली. पहिल्यांदा पाणी जास्त झालं, पावसाळ्यात बुडाशी काळी पडली आणि तीन दिवसांत पानं लोंबली. दुसऱ्यांदा पण पाणीच. सावलीत झाडं तहानेने कमी आणि लाडाने जास्त मरतात, माती वाळायला वेळ लागतो, आणि आपण सवयीने रोज नळी फिरवतो. सासूबाईंचं मत वेगळं आहे, त्यांच्या माहेरी पानमळा होता, चप्पल काढून आत जायचे, त्यामुळे "तू क्रॉक्स घालून जातेस तिथे" हे त्यांचं निदान. तिसरी वेल मी उंचवट्यावर लावली, पाणी बोट घालून बघूनच घालते, आणि चप्पल पण काढते, उगाच रिस्क कशाला. सध्या टिकलीये.

कळलावी मी लावली नाही, ती आली. सोनटक्क्याच्या कंदांबरोबर मातीतून आली असणार. जूनमध्ये एक कोंब वर आला, पानाच्या टोकाचा आकडा करून सोनटक्क्यालाच धरून चढला आणि ऑगस्टमध्ये ती पिवळी-लाल ज्वाळेसारखी फुलं, गौरीचे हात म्हणतात काही ठिकाणी. ती उजळ बाजूला होती म्हणून फुलली. कंद भयंकर विषारी, घरात लहान मूल असतं तर ठेवली नसती. दिवाळीनंतर वाळून गायब होते, मग तिथे चुकून खणू नये म्हणून मी खापराचा तुकडा खोचून ठेवते. तेरडा पण त्याच पट्ट्यात, एकदा बी पडलं की दरवर्षी आपलं आपण, सावलीत थोडा लांबट होतो पण रंग तीन दिवसांपेक्षा जास्त टिकतो असं माझं निरीक्षण आहे, कोणी भांडायचं तर भांडा.

गोगलगायींचं लिहिल्याशिवाय सोडणार नाही. ओला बोळ म्हणजे त्यांचं लॉजिंग-बोर्डिंग. ते मोठे शंखवाले, आफ्रिकन, जुलैत एका रात्री ४३ मोजले मी टॉर्च घेऊन. रात्री गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट पसरून ठेवायचं, सकाळी त्याखाली सगळी मंडळी जमलेली असतात, हातमोजे घालून उचलायची आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत. वाईट वाटतं. पण त्यांनी एका रात्रीत अख्खा बिगोनिया खाल्ला होता, देठासकट, तेव्हा मलाही वाईट वाटलं होतं. विषाच्या गोळ्या मिळतात, आमच्याकडे कुत्रा आहे म्हणून नाही वापरत.

आणि ब्रह्मकमळ. म्हणजे आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो तो मेक्सिकोकडचा निवडुंग, हिमालयातलं खरं वेगळं, हे मला माहितीये, कृपया कोणी समजावू नका. मागच्या टोकाला, जिथे पांढऱ्या भिंतीचा उजेड येतो तिथे मैत्रिणीने दिलेलं एक पान खोचलं होतं, तीन वर्षं नुसतंच वेडंवाकडं वाढलं, भिंतीला रेललं. या जुलैत पानाच्या कडेला कळी, मग ती खाली लोंबून परत हुकासारखी वर वळली, सासूबाई रोज जाऊन बघायच्या, "आज नाही, उद्या." त्यांचा अंदाज बरोबर. रात्री नऊला फुगायला लागलं, साडेदहाला अर्धं उघडं, पाकळ्या हलताना डोळ्याला दिसत होत्या, खोटं नाही. आम्ही खुर्च्या टाकून बसलो बोळात, ओडोमॉस लावून, नवऱ्याने कॉफी केली, अकरा-साडेअकराला ताटलीएवढं पूर्ण उघडलं आणि तो गार वास. वरून काकूंनी बाल्कनीतून टॉर्च मारला, "काय झालं गं, साप निघाला का?" म्हटलं नाही, या खाली. त्या गाऊनवरच आल्या, येताना मधुमालतीचा एक घोस घेऊन आल्या आणि सासूबाईंच्या हातात दिला. तुमचाच आहे म्हणाल्या.

आता राहिलाय तो ड्रेनेजच्या चेंबरजवळचा चार फुटांचा तुकडा. अंधार, वर लोखंडी झाकण, खाली सिमेंट. तिथे फर्न मेला, स्पायडर प्लांट मेला, आणि ज्याच्याबद्दल सगळे सांगतात की हे मरतच नाही तो स्नेक प्लांटसुद्धा कुजून मेला. माळीकाका म्हणतात अजून एकदा अळू लावून बघू. मी म्हटलं नको, तिथे सायकल ठेवू.